वारंवार विचारले जाणारे प्रश्न: आमचा छोटा डिझाइन स्टुडिओ, कागद, अक्षरं आणि रोजचं काम

फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि जिन्यात भेटल्यावर लोक आम्हाला जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांब झालीत, कारण त्या गोष्टी आमच्या जिव्हाळ्याच्या आहेत आणि दोन ओळीत उरकत नाहीत. घाई असेल तर फक्त साइजचा आणि "उद्या हवंय" वाला प्रश्न वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

तुम्ही नक्की करता काय?

मुख्यतः छापायच्या गोष्टी, आणि त्याही शक्यतो सस्टेनेबल पद्धतीने, म्हणजे कागद आणि माणसं वाया न घालवता. पुस्तकांची कव्हरं आणि आतली मांडणी, दिवाळी अंकाची पानं, संस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मसाल्याच्या आणि लोणच्याच्या लेबलांचं काम, दुकानाच्या पाट्या. चौघं जण आहोत, त्यातली एक जण अर्धा दिवस येते कारण तिचं बाळ अजून लहान आहे. वेबसाइट आम्ही बनवत नाही, पण वेबसाइटवर मराठी नीट दिसावं म्हणून कोणी विचारलं तर सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

कुठे आहात? येऊन बघता येईल का?

पुण्यात, नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. खाली बाइंडिंगवाले आहेत, अप्पा बळवंत चौक चालत पाच-सात मिनिटं. या की, फक्त आधी फोन करा आणि शक्यतो बसने या कारण गाडी लावायला जागा अजिबात नाही. भिंती जाड आहेत त्यामुळे एप्रिलमध्येसुद्धा पंख्यावर भागतं, एसी घेतला नाही आणि अजून तरी गरज पडली नाही. जिना अंधारा आणि चढा आहे, ज्येष्ठ मंडळी येणार असतील तर सांगा, आम्हीच खाली येऊन बाइंडिंगवाल्यांच्या बाकावर बसून बोलू, असं बऱ्याच वेळा केलंय.

दिवस कसा जातो तुमचा?

दहाला येतो. पहिला अर्धा तास कॉम्प्युटर चालू करत नाही, कालचे प्रिंट भिंतीवर लावलेले असतात ते लांबून बघतो, कारण स्क्रीनवर दोनशे टक्के झूम करून जे सुंदर दिसतं ते चार फुटांवरून वाचता येत नाही हे फार वेळा लक्षात आलंय. मग ज्याचं त्याचं काम. सव्वाअकराला चहा, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून, आपापला स्टीलचा पेला घेऊन जातो. दुपारी डबा सगळे एकत्र खातो आणि त्या वेळात फोन उचलत नाही, पुण्यात दुपारचं कुणाला खटकत नाही. दुपारनंतर एक जण प्रेसवर असतो, हे मात्र रोजचं आहे, फाइल ईमेल करून मोकळं होणं आम्हाला जमत नाही. मशीनवर पहिली शीट निघते तेव्हा तिथे उभं राहून रंग बघितला तर पुढच्या हजार शीट वाया जात नाहीत. साडेसहाला बंद. खरंच बंद, चावी लावून.

"सस्टेनेबल" म्हणजे तुम्ही रिसायकल्ड कागद वापरता का?

वापरतो, पण ती शेवटची पायरी आहे. लोक सुरुवातच तिथून करतात म्हणून हे जरा सविस्तर.

आमचा अनुभव असा की वाया काय जाणार हे बहुतेक सगळं पहिल्या फोनवरच ठरतं. किती प्रती, कोणती साइज, किती मजकूर, कधी हवंय. या चार गोष्टी चुकल्या की नंतर कागद कितीही पर्यावरणपूरक आणा, काही उपयोग नाही. कोणी म्हणतं दोन हजार छापा कारण दोन हजारला रेट कमी पडतो, आणि मग त्यातले बाराशे माळ्यावर पडून राहतात आणि तीन वर्षांनी पत्ता बदलला म्हणून रद्दीत जातात. तो रेट कमी नव्हता ना मग. त्यामुळे आम्ही पहिल्यांदा विचारतो की मागच्या वेळचे किती उरलेत. या एका प्रश्नावर बऱ्याच जणांनी आपणहून आकडा निम्म्यावर आणलाय.

आणि माणसांचंही तसंच. आमच्यापैकी कोण रात्री दोनपर्यंत जागणार हे पण त्या पहिल्या फोनवरच ठरतं. म्हणून आम्ही कागद आणि माणूस यांचा हिशोब वेगळा धरत नाही. आपल्याकडे घरात "पुरवून वापर" म्हणतात ना, तेच, दोन्हीला.

साइजने एवढा काय फरक पडतो?

खूप. ताटात वड्या थापल्या की कापताना कडेला वेडेवाकडे तुकडे उरतात, ते घरात कोणीतरी खातं. कागदाच्या कडेचे तुकडे कोणी खात नाही.

छापखान्यात कागद मोठ्या शीटमध्ये येतो, १८ बाय २३ इंच, २० बाय ३०, २३ बाय ३६, २५ बाय ३६ अशा मापात. आता समजा तुम्हाला एक साधं माहितीपत्रक हवंय आणि तुम्ही म्हणालात ए-फाइव्ह, म्हणजे साधारण ५.८ बाय ८.३ इंच. १८ बाय २३ च्या शीटवर ती सहाच बसतात. उभी लावा नाहीतर आडवी, सगळी एकाच दिशेने लावली की सहाच. पण तेच पत्रक साडेपाच बाय साडेआठ केलं, ज्याला आपल्याकडे डेमी वन-एट म्हणतात, तर आठ बसतात. हातात घेतल्यावर दोन्हीतला फरक बहुतेकांना कळतसुद्धा नाही. हजार पत्रकांना एकीकडे १६७ शीट लागतात आणि दुसरीकडे १२५, वेस्टेज वेगळं. (कडेपर्यंत रंग जाणार असेल तर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर सोडलेला रंग, आणि ग्रिपर, म्हणजे मशीन शीट पकडतं ती कड, यांच्यासाठी किंचित आणखी कमी करावं लागतं, ते प्रेसवाल्याशी बोलून ठरवायचं.) ए-फाइव्हच हवी असेल तर २५ बाय ३६ च्या शीटमध्ये ती छान बसते, पण मग तेवढं मोठं मशीन असलेला प्रेस हवा आणि कामही तेवढं हवं.

चौकोनी पत्रिकांची सध्या फार आवड आहे. सात बाय सात इंच, उघडली की छान दिसते, आम्हालाही आवडते. पण १८ बाय २३ वर त्या सहा बसतात आणि शीटचा जवळपास २९ टक्के भाग कटिंगमध्ये निघून जातो. आम्ही नाही म्हणत नाही, फक्त त्या उरलेल्या पट्टीवर काय छापता येईल ते आधी ठरवतो, म्हणजे पाकिटावरचं स्टिकर, आहेराच्या पिशवीचा टॅग, जेवणाच्या टेबलावरची नावं. एका लग्नात त्या पट्टीतून सगळ्या पाहुण्यांसाठी बुकमार्क निघाले आणि लोकांनी पत्रिकेपेक्षा ते जपून ठेवले.

पुस्तकांना तर आणखी महत्त्वाचं. पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत ठेवायची, कारण फॉर्म, म्हणजे एका मोठ्या शीटवर एकत्र छापून घडी घालायची पानं, तसा छापला जातो. पुस्तक ६६ पानांचं झालं की ती वरची दोन पानं सगळं बजेट बिघडवतात, त्यापेक्षा लेखकासोबत बसून दोन पानं कमी करून ६४ करणं सोपं. लेखक सुरुवातीला नाराज होतात, नंतर बहुतेक जण म्हणतात की तो परिच्छेद गेला ते बरंच झालं.

अहवालासाठी जाड गुळगुळीत कागद का नको म्हणता?

आकडाच सांगतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचे १६ कागद मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो, म्हणजे ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा. ६४ पानी अहवालात ३२ कागद, म्हणजे १६० ग्रॅम. तोच १३० जीएसएमच्या आर्ट पेपरवर २६० ग्रॅम. हजार प्रतींमागे शंभर किलो जास्तीचा कागद, आणि पोस्टाचा नाहीतर कुरिअरचा खर्च प्रत्येक प्रतीमागे वेगळा वाढतो. शिवाय ट्यूबलाइटखाली आर्ट पेपर चमकतो आणि आकडे वाचताना तिरकं धरावं लागतं. ज्यात फोटो खूप आहेत त्याला आर्ट पेपर द्या, त्याची जागा आहे. पण सहकारी पतसंस्थेच्या ताळेबंदाला साधा, न चमकणारा मॅपलिथो कागद पुरतो आणि त्यावर सभासदांना पेनाने खुणा पण करता येतात.

मॅट लॅमिनेशनला तुमचा विरोध का?

सरसकट विरोध नाही. शाळेत रोज हाताळलं जाणारं पुस्तक असेल तर कव्हरला लॅमिनेशन करतो, नाहीतर जूनच्या पहिल्या पावसात ते फुगतं. पण लग्नपत्रिकेला, व्हिजिटिंग कार्डाला, एका दिवसाच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणाला कशाला? लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, ती एकदा बसली की कागद लगद्यासाठी परत वापरणं अवघड होतं, रद्दीवालेही असा माल बाजूला काढतात. नुसत्या वॉर्निशने किंवा पाण्यावर आधारित कोटिंगने बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. आणि मऊ स्पर्श हवाय म्हणूनच करायचं असेल तर चांगला अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला, कागद घ्या, बोटाला तो जास्त छान लागतो हे आमचं ठाम मत आहे.

हातकागद वापरता का? महाग पडतो ना?

वापरतो, जपून. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, खादी आणि ग्रामोद्योगाच्या त्या काळात सुरू झालेली. तिथे झाडापासून नाही तर सुती कापडाच्या कात्रणांपासून कागद बनवतात, एकदा जाऊन बघा, लगद्यातून चौकट वर येते आणि त्यावर कागद धरलेला असतो, आमच्याकडे नवीन कोणी आलं की पहिल्याच महिन्यात तिकडे नेतो. हो, महाग आहे. छापखान्यातल्या ऑफसेट मशीनवर प्रत्येक हातकागद नीट चालत नाही, त्यामुळे आम्ही तो स्क्रीन प्रिंटसाठी ठेवतो, एक किंवा दोन रंगात. पन्नास-शंभर प्रतींचं काम असेल तर विचारा, हजाराचं असेल तर आम्हीच दुसरं काहीतरी सुचवू.

रंग कमी वापरा असं तुम्ही का सांगता?

एकतर प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते, चार रंग म्हणजे चार प्लेटा आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणाऱ्या शीटही जास्त. दुसरं, दोन रंगात काम करायला लागलं की डोकं चालतं. गडद निळा आणि हळदी पिवळा, एकमेकांवर छापले की तिसरा हिरवट रंग आपसूक मिळतो, तो तुम्ही विकत घेतलेला नसतो. आमची जी कामं आम्हाला स्वतःला आवडतात त्यातली बरीचशी दोन रंगांचीच आहेत.

फाइल स्वतः करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मजकूर नेहमी एकट्या काळ्या रंगात ठेवा, चार रंगांचा मिळून बनवलेला काळा केसभर जरी सरकला तरी अक्षरं धुरकट दिसतात आणि बारीक वेलांट्या तर जातातच. आणि शाईचं एकूण प्रमाण, म्हणजे चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज, कोटेड कागदावर ३०० टक्क्यांच्या आत राहू द्या, अनकोटेडवर त्याहूनही कमी, नाहीतर शाई वाळत नाही आणि एका शीटचा डाग दुसरीच्या पाठीवर उमटतो.

फ्लेक्स करून द्याल का?

नाही. हे एक काम आम्ही पूर्ण बंद केलंय आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, ते मान्य आहे. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, दोन दिवस चौकात लटकतो आणि पुढची कित्येक वर्षं कुठेतरी पडून राहतो. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्यात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनर पण येतात. त्याहून जाड चालतो असं लोक म्हणतात आणि कागदोपत्री ते खरंय, पण आम्हाला तो करायचा नाही.

त्याऐवजी कापडी बॅनर करतो. मांजरपाटावर स्क्रीन प्रिंट किंवा हाताने रंगवलेला. तारीख न टाकता फक्त मंडळाचं नाव आणि चित्र टाकलं तर तोच बॅनर पाच वर्षं चालतो, तारखेची पट्टी वेगळी शिवून बदलायची. हाताने पाट्या रंगवणारे पेंटर अजून आहेत शहरात, आम्ही अक्षरांचं डिझाइन ट्रेसिंगवर देतो आणि ते भिंतीवर उतरवतात, आणि उतरवताना जो बदल करतात तो बहुतेक वेळा आमच्यापेक्षा बरोबर असतो. त्यांचा हात चाळीस वर्षांचा आहे.

जुने फ्लेक्स पडले असतील तर फेकू नका, गाडीवर झाकायला, पावसाळ्यात पत्र्यावर टाकायला कोणालातरी लागतात.

तुमच्या कात्रणांचं, रद्दीचं काय करता?

कोरी कात्रणं खालचे बाइंडिंगवाले शिवून देतात, त्याच्या आमच्या रोजच्या वह्या होतात. एका बाजूने छापलेले प्रूफ, म्हणजे तपासायचे प्रिंट, पलटून परत प्रिंटरमध्ये जातात. बाकीचं वेगळं करून आमच्या गल्लीत येणाऱ्या स्वच्छच्या ताईंना देतो. स्वच्छ ही पुण्यातल्या कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे, आणि त्याच्याआधी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तिथून ती वाट सुरू झाली. ताईंनीच आम्हाला शिकवलं की थर्मल पावत्या आणि लॅमिनेशनवाला कागद चांगल्या कागदात मिसळायचा नाही, भाव पडतो. डिझाइनच्या कुठल्या कोर्समध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.

मराठी अक्षरांबद्दल एवढं का बोलता? फॉन्ट तर फॉन्ट असतो ना?

या प्रश्नावर आम्ही तासभर बोलू शकतो, थोडक्यात प्रयत्न करतो.

हिंदीसाठी आणि मराठीसाठी लिपी एकच, देवनागरी, पण अक्षरांची वळणं सगळी सारखी नाहीत. मराठीतला ल आणि श वेगळ्या वळणाचा असतो, शाळेत आपण तोच गिरवलाय. राज्य सरकारने २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवलं, त्यातही ही मराठी वळणंच आहेत. पण बाजारातल्या कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचाच ल-श येतो आणि आपल्याला कळतही नाही की काहीतरी परकं का वाटतंय.

मग तो "ऱ्य". आचार्य आणि आचारी. एकदा एका भोजनगृहाच्या वाढदिवसाचं निमंत्रण होतं, "आमच्या आचाऱ्यांचा सत्कार". जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना आमच्याकडून ते "आचार्यांचा सत्कार" झालं आणि पाचशे कार्ड छापून आली. चूक आमची होती, प्रेसची नाही, आणि आम्ही ती आमच्या खर्चाने परत छापली. पण पैशापेक्षा लागलं ते वेगळंच, ज्या माणसांनी तीस वर्षं चुलीसमोर काढली त्यांचा सत्कार आणि त्यांचाच शब्द चुकवला. तेव्हापासून प्रत्येक फाइलमध्ये ऱ्य, ऱ्ह, ॲ, ळ आणि सगळी जोडाक्षरं शोधून एकेक बघतो, दोन जणांनी, मोठ्याने वाचून.

चांगलं काम करणारी माणसं या क्षेत्रात होऊन गेली आणि आहेत. निर्णयसागर छापखान्याचा टाइप बघा, जुन्या संस्कृत-मराठी पुस्तकात मिळेल, अजून डोळ्याला थंड वाटतो. र. कृ. जोशींनी आयुष्य सुलेखन आणि देवनागरीवर घालवलं, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी मुक्ता आणि बालू हे फॉन्ट ओपन सोर्स केले, फुकट वापरता येतात आणि चोरीचा फॉन्ट वापरायची गरजच उरत नाही. टिरो देवनागरी तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या रूपात येतो, पुस्तकासाठी आम्ही तो बऱ्याचदा घेतो.

(इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या तुटत असतील तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो.)

तीन-चार ऑप्शन देता का?

एकच देतो, पण त्याच्याआधी दोन वेळा बसून बोलतो आणि पेन्सिलची कच्ची स्केचेस दाखवतो. चार ऑप्शन केले की त्यातले तीन फेकायचे हे आधीच ठरलेलं असतं, आणि माणूस ते मन लावून करत नाही, मग चौथ्याचाही रंग उडतो. लोकांना सुरुवातीला भीती वाटते, एकच आणि तोही आवडला नाही तर? तर परत बसतो. बोलणं आधी नीट झालेलं असलं की पूर्ण उलटापालट करायची वेळ क्वचित येते.

उद्या हवंय, होईल का?

कोणी वारलंय आणि शोकसभेचं किंवा तेराव्याचं काही आहे तर हो, रात्री पण करू आणि पैसे नंतर बोलू. बाकी कशालाही नाही.

पत्रिकेला आम्ही तीन आठवडे मागतो, अहवालाला सहा, पुस्तकाला तीन महिने. घाईत काय होतं की प्रूफ कोणी वाचत नाही, जो कागद मिळेल तो घ्यावा लागतो, मशीनवर कोणी उभं राहत नाही आणि चुकलं की सगळं परत छापायचं. पहिली दोन वर्षं आम्ही सगळ्याला हो म्हणायचो. एका गणपतीत सलग नऊ रात्री जागलो, पावतीपुस्तकं, अहवाल, स्मरणिका, सगळं, आणि विसर्जनानंतर आमच्यातली एक जण दोन महिने पेन्सिल हातात धरू शकली नाही. मनगट नव्हे, मनच होत नव्हतं. तेव्हा चौघांनी बसून हा नियम केला.

मग गणपती आणि दिवाळीत काम घेत नाही का?

घेतो, पण आषाढी झाली की गणपतीची यादी बंद. दिवाळी अंकाची बोलणी जूनमध्येच करा. १९०९ ला मासिक मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक आला तिथपासूनची ही परंपरा आहे आणि त्यातलं एखादं पान आपल्या हातून जावं याचा आम्हाला अजूनही आनंद होतो, म्हणूनच ते घाईत करवत नाही. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा सिझन, जानेवारी जरा शांत, मार्चमध्ये अहवाल. मे महिन्यात पंधरा दिवस पूर्ण बंद, सगळे आपापल्या गावाला.

कल्पना संपत नाहीत का रोज रोज?

संपतात. खोटं कशाला बोलायचं. तेव्हा आम्ही इंटरनेटवर शोधत बसत नाही, कारण तिथे सगळ्यांना तेच दिसतं आणि सगळ्यांचं काम एकसारखं व्हायला लागतं. बाहेर पडतो. जुन्या बाजारात जातो बुधवारी किंवा रविवारी, काडेपेट्यांची लेबलं, पत्र्याचे डबे, जुन्या पावत्या, असलं काय काय मिळतं. तांबट आळीत ठोक्यांचा आवाज ऐकत उभं राहिलं तरी पुरतं. मंडईत फुलवाल्यांनी रंग कसे शेजारी शेजारी मांडलेत ते बघायचं.

शिवाय शुक्रवारी दुपारी गिऱ्हाइकाचं काम करायचं नाही असं ठरलंय. कोणी छापायला लिनोलियमचे ठसे कापतं, कोणी बाराखडी लिहितं, एक जण सहा महिने फक्त "क्ष" काढत होता. त्याचा तो क्ष पुढे एका पुस्तकाच्या कव्हरवर आला, पण आला नसता तरी चाललं असतं.

एआयने डिझाइन करता का?

तयार काम म्हणून नाही. चित्रात देवनागरी आली की बऱ्याचदा जोडाक्षरं मोडलेली असतात, शब्दासारखं दिसतं पण शब्द नसतो. गिऱ्हाइक कधी कधी असं चित्र घेऊन येतात की साधारण असं हवंय, त्याला आमची काही हरकत नाही, मनातलं सांगायला शब्द सापडत नाहीत तेव्हा ते उपयोगी पडतं. पुढचं मात्र हातानेच.

कॉम्प्युटर फार जुने दिसतात तुमचे…

दोन तर आठ वर्षांचे आहेत. रॅम वाढवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, आतली धूळ दिवाळीला साफ करतो. पुस्तकाची मांडणी करायला एवढं पुरतं. वाचलेल्या पैशातून एक चांगला मॉनिटर घेतला, तो सगळे वाटून वापरतात, रंग बघायला. खुर्च्यांवर मात्र काटकसर केली नाही, पाठ गेली की सगळं गेलं.

पैसे किती घेता? उशिरा दिले तर चालतील का?

कामानुसार, पण आकडा आधी लेखी देतो. निम्मे सुरुवातीला, उरलेले फाइल प्रेसला जायच्या आधी. संस्थांना थोडी सवड देतो पण अमर्याद नाही. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे, आणि २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर व्याजासकट. हे सांगायला आम्हाला पूर्वी संकोच वाटायचा. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अकरा महिने पैसे अडकवले, त्या काळात आम्ही चौघांनी अर्धा पगार घेतला, तेव्हापासून पहिल्याच भेटीत सांगतो. जे छोटे स्टुडिओ आणि फ्रीलान्सर हे वाचतायत त्यांनी उद्यम नोंदणी आजच करून घ्या, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे.

काम वाढलंय तर माणसं का वाढवत नाही?

चौघांत एकमेकांचं काम रोज दिसतं, कोणाचं आज बरं नाही ते कळतं. दहा झालो की दर महिन्याला दहा पगारांपुरतं काम आणावंच लागेल आणि मग फ्लेक्सलाही हो म्हणावं लागेल. जास्तीचं काम ओळखीच्या दोन स्टुडिओंना पाठवतो, त्याचं कमिशन घेत नाही, तेही आमच्याकडे पाठवतात.

इंटर्नशिप मिळेल का?

वर्षातून एकाला, जुलै ते डिसेंबर, मानधनासह. फुकट कोणाला राबवत नाही. पोर्टफोलिओ चकचकीत नसला तरी चालेल, वहीत हाताने लिहिलेली मराठीची दोन पानं पाठवा, कोणताही मजकूर. अक्षर सुंदर हवं असं काही नाही, तुम्ही लिहिताना कुठे थांबता ते बघायचं असतं.

ओपन फाइल देता का?

हो, काम पूर्ण झालं की बदल करता येतील अशी मूळ फाइल, वापरलेल्या फॉन्टची नावं आणि कागदाचं माप-जीएसएम एका चिठ्ठीवर लिहून देतो. पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या कोणाकडे गेलात तरी त्यांनी पहिल्यापासून सगळं करायला नको.

पहिल्यांदा भेटायला येताना काय आणू?

मागच्या वेळी छापलेलं काही असेल तर ते, उरलेल्या प्रतींचा आकडा, आणि मजकूर, शक्यतो युनिकोडमध्ये, नसेल तर हाताने लिहिलेलाही चालेल, आम्ही टाइप करून घेऊ. नावांचं शुद्धलेखन घरच्या मोठ्या माणसाकडून एकदा तपासून आणा, विशेषतः लग्नपत्रिकेत आजी-आजोबांची नावं. आणि चहा घेणार असाल तर सव्वाअकराच्या आत या.